चौथ्या बोअरचं पाणी

माती तपासणाऱ्या माणसाला कोणी ओळखत नाही. इमारत छान दिसली तर आर्किटेक्टचं कौतुक, खचली तर कंत्राटदाराला शिव्या. आम्ही कशातच नाही. जमिनीत भोकं पाडायची, खालून जे येईल ते डब्यांत भरायचं, अहवाल लिहायचा आणि पुढच्या जागेवर जायचं. माझं सगळं आयुष्य असल्या भोकांवर गेलं. किती पाडली त्याचा हिशेब नाही. त्यातलं एक मात्र मला अजून सोडत नाही, आणि ते सोडावं अशी माझी लायकीही नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नव्या पनवेलच्या वसाहती भराभर वाढत होत्या. मी खांदा कॉलनीत एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. संडासाची साखळी ओढली की पाणी जातं कुठे, हा प्रश्न तिथल्या कोणाला कधी पडला नसेल. मला पडायचा, कारण तोच माझा धंदा होता. हे सगळं मैलापाणी खाडीकाठी एका खोल टाकीत गोळा करायचं आणि तिथून पंपाने शुद्धीकरणाच्या तळ्यांकडे ढकलायचं, असं ठरलं होतं. टाकी जमिनीत तीन मजले खोल जाणार होती. म्हणून आधी जमीन तपासायचं काम आमच्या छोट्याशा कंपनीकडे आलं आणि कंपनीने मला पाठवलं. मी चोवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो.

जागा एका आगरी गावाच्या पायथ्याशी होती. पंचवीस-तीस घरं, सगळी मुरमाच्या उंचवट्यावर. खाली भरतीत बुडणारं खाजण, त्यापुढे खाडी. उंचवटा संपतो तिथे गावाची एकुलती एक विहीर. खाडी हाकेच्या अंतरावर, तरी विहिरीचं पाणी गोड. गावाला याचा अभिमान होता. विहिरीत सातीआसरा, पाण्यातल्या सात देवी, राहतात, त्या खाऱ्या पाण्याला आत येऊ देत नाहीत, असं ते सांगायचे. मी मनात हसायचो. मला खरं कारण ठाऊक होतं. पावसाचं पाणी मुरमात मुरतं आणि तिथेच साठून राहतं. त्याच्याखाली खाडीच्या काळ्या चिखलाचा जाड थर असतो. तो वरचं गोड पाणी खाली जाऊ देत नाही आणि चिखलाखालच्या भेगाळ कातळातलं खारं पाणी वर येऊ देत नाही. एवढंच. म्हणजे आसरा काय आणि चिखल काय, दोघांचं काम एकच होतं. पण त्या वयात माझ्या हे लक्षात आलं नाही.

आमच्या टोळीत एक मिस्त्री आणि तीन मजूर. मिस्त्री देशावरचा, साठीकडे झुकलेला, आयुष्यभर विहिरी आणि बोअर खोदत आलेला. लोखंडी तिवई उभी करायची, हाताने फिरवायच्या विंचने दांड्या खाली सोडायच्या, ठरलेल्या उंचीवरून हातोडा टाकून किती ठोक्यांना दांडी किती खाली गेली ते मोजायचं. काळ्या चिखलात ठोके मोजायची वेळच यायची नाही. हातोडा नुसता टेकवला की दांडी आपली आपण खाली जायची. मिस्त्री म्हणायचा, "साहेब, ही जमीन नाही, लापशी आहे. हिच्यावर तुम्ही काय बांधणार?"

भोक पाडताना पाणी ओतावं लागतं. ते वाहायला मिस्त्रीने रोजावर एक कातकरी बाई ठेवली होती. तिचा नवरा जवळच्या वीटभट्टीवर होता आणि त्यांची झोपडी गावाच्या कडेला, बांधाला लागून होती. भट्टी बंद झाली की पावसाळ्यात गावच्या शेतांवर लावणीला जायचं आणि तिथेच राहायचं, असं त्यांचं चारपाच वर्षं चाललं होतं. ती फार बोलायची नाही. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, दिवसभर खाजणातल्या डबक्यापासून बोअरपर्यंत येरझाऱ्या.

पिण्याच्या पाण्याची तिची तऱ्हा मी रोज सकाळी बघायचो. तिने विहिरीवर पोहरा टाकायचा नाही, अशी रीत होती. हंडा जोत्याखाली ठेवून ती लांब उभी राहायची. गावातल्या कोणा बाईला सवड झाली, मन झालं, तर ती वरून ओतायची. कधी पाच मिनिटांत, कधी तास तास नाही. गावातल्या बाया काही दुष्ट नव्हत्या. ओतायच्या, चार शब्द बोलायच्याही. पण तिला उभं राहावं लागायचं. मला ते खटकायचं, आणि खटकण्यापलीकडे मी काही करत नव्हतो.

चौथं बोअर विहिरीपासून फार लांब नव्हतं. मुरूम संपला, चिखल संपला आणि खालच्या कातळात दांडी शिरल्याबरोबर पाणी भोकातून चढायला लागलं. मी खालच्या पाण्याचा नमुना बाटलीत भरला, चिठ्ठी लावली, काम संपलं. आता नियमाप्रमाणे चिकणमाती आणि सिमेंट कालवून भोक तळापासून बुजवायचं होतं. मिस्त्री हलेना. त्याने कुठून तरी नारळ आणवला, फोडला, भोकाच्या तोंडाशी हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडून उभा राहिला.

"लागलेलं पाणी बुजवायचं नसतं, साहेब. कोरडं भोक सांगा, शंभर बुजवतो. हे पाप मला सांगू नका."

मी चिडलो. नियमावली दाखवली. तो मान खाली घालून उभाच. तेवढ्यात ती बाई पुढे आली. इतक्या दिवसांत आपण होऊन ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"सायब, तू हे बुजवू नको."

"का?"

"ह्या पान्याला कोन मालक नाय."

मला जे समजायचं ते समजलं. आपल्या हातून एका माणसाचं रोजचं उभं राहणं टळणार, या कल्पनेनेच मी हुरळून गेलो. नियम गेला खड्ड्यात, म्हणालो. मिस्त्रीने एक जुना, आटे गेलेला पाईप घेतला, त्याला वरपासून खालपर्यंत करवतीने चिरा पाडल्या, काथ्या गुंडाळला आणि भोकात सोडला. वर वीतभर तोंड ठेवलं. बाईने पावडरच्या रिकाम्या उभट डब्याला दोरी बांधून त्याचा पोहरा केला. पहिला हंडा भरायला तिला अर्धा तास लागला असेल, पण त्या अर्ध्या तासात तिने कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पाणी गोड होतं. मिस्त्री म्हणाला, "बघा." जागेवरच्या अहवालात मी लिहिलं, "सर्व बोअर नियमानुसार बंद केले आहेत," आणि खाली झोकात सही केली.

पाणी गोड होतं, कारण पावसाळा नुकताच सरला होता. मुरमातलं पाणी वरच्या पातळीला होतं आणि तेच चिरांमधून पाईपमध्ये येत होतं. खालचं खारं पाणी त्याच्या दाबाखाली गप्प होतं. मुरूम आणि कातळ यांच्यामधला इतक्या वर्षांचा बंद दरवाजा आम्ही उघडून ठेवला आहे, हे ओळखायला इंजिनिअरिंगचं दुसरं वर्षही पुरे होतं. मी तर पास होऊन बाहेर पडलो होतो.

संक्रांतीच्या सुमाराला प्रयोगशाळेचा कागद आला. चौथ्या बोअरच्या खालच्या पाण्यात क्षार प्रचंड होते. समुद्राचंच पाणी ते. मी त्यावर अंतिम अहवालात एक छान परिच्छेद लिहिला. हे पाणी काँक्रीटमधल्या सळया खाईल, म्हणून सिमेंट अमुक प्रकारचं वापरावं, सळईवरचा थर जाड ठेवावा, वगैरे. आमचे साहेब खूश झाले. "पोराला लिहिता येतं," म्हणाले. मी सळयांची काळजी केली, सिमेंटची काळजी केली. तेच पाणी शंभर पावलांवरच्या विहिरीचं काय करेल, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. अज्ञान असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

शिमगा झाला आणि मिस्त्री मला शोधत खारघरला आला. तिथे तेव्हा खुंट्या आणि चुन्याच्या रेघा सोडून काही नव्हतं. मी एका नव्या कामावर होतो. तो उन्हात उभा राहून म्हणाला, "साहेब, गावची विहीर मचूळ झाली. डाळ शिजत नाही म्हणतात. चहा फाटतो." मी विचारलं, "आणि आपला पाईप?" तो म्हणाला, "तो तर मिठागरच झालाय."

मी दुसऱ्या दिवशी, अमावस्येच्या उधाणाला, टेप घेऊन पाईपपाशी बसलो. सकाळपासून दर तासाला पातळी मोजली. भरती चढली तसं पाईपातलं पाणी चढलं, ओहोटीबरोबर उतरलं. संध्याकाळपर्यंत सगळं स्पष्ट झालं. उन्हाळ्यात मुरमातलं पाणी खाली गेलं होतं, आता खालचं वरचढ झालं होतं. प्रत्येक भरतीला खाडी माझ्या पाईपमधून वर येत होती आणि मिस्त्रीने पाडलेल्या चिरांतून मुरमात शिरत होती. तिथून विहिरीत. बाई झोपडीच्या दारात बसून माझ्याकडे बघत होती. मी टेप गुंडाळला आणि उठलो.

तिथून मी थेट साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत. दार लावून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "बंद केलं म्हणून तू सही केली आहेस. आता उघडं होतं म्हणालास तर तू जाशील, मी जाईन आणि गाववाले टाकीचं काम अडवतील. चार दिवस थांब. सामान पाठवतो, गुपचूप बुजवून टाक. गावात एक शब्द बोलायचा नाही." मला नोकरीची गरज होती. गरज कोणाला नसते? पण मी हे कारण आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे आणि दर वेळी ते आधीपेक्षा हलकं वाटलं आहे.

चार दिवसांचे महिना-दीड महिना झाले. मधल्या काळात गावाने मला गावदेवीच्या देवळापुढे बोलावलं. गावचे एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांचं ऐकायचे. आवाज मऊ, वागणं अदबीचं. मला पुढे बसवून त्यांनी पाणी विचारलं आणि तेही मचूळ म्हणून लाजले.

"सायब, तुमी शिकलेले. सांगा, आमची विहीर कशानं नासली?"

तेच उत्तर द्यायला मी आलो होतो. वाटेत दहा वेळा घोकलं होतं. तोंडातून निघालं, "तपासणी करावी लागेल. नमुने घेतो."

त्यांनी मान डोलावली. मग मागून कोणीतरी म्हणालं, तपासायचं काय त्यात? नारळ फोडला परक्या मिस्त्रीने, पहिला हंडा भरला त्या बाईने. आसरांचा मान गावाचा, तो तिने घेतला. चारपाच वर्षं ती लांब उभी राहत होती तोवर पाणी गोड होतं. तिने स्वतःच्या हाताने पाणी काढलं आणि विहीर गेली. वयस्कर गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तसं काही नसावं." नसावं! एवढाच विरोध माझ्याकडून झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी तिथे बसून पाहिलं, आणि चोर मीच होतो.

त्या दिवसापासून तिच्या हंड्यात कोणी पाणी ओतलं नाही. पाईपचं पाणी तोंडात घेववत नव्हतं. गाव स्वतःही मैलभरावरून पाणी आणत होतं, पण तिथे गेलं की बाया तिला बघून मागे सरत. मी स्कूटरला दोन कॅन बांधून खांदा कॉलनीच्या नळाचं पाणी तिला नेऊन द्यायला लागलो. दोनतीन दिवसांतून एकदा, जमेल तसं. ती ते घ्यायची. मला माझीच किळस यायची. नळाला पाणी येतं त्या वसाहतीची घाण वाहून न्यायची म्हणून आम्ही तिथे भोकं पाडली होती, आणि तिच्या घशाला कोरड पडली होती.

अखेर वैशाखात सामान आलं. मिस्त्री आला, पण भोकाला हात लावेना. लांब झाडाखाली पाठ फिरवून बसला. मजुरांपैकी एकच हजर होता. माती वाहायला कोणी हवं होतं. गावातून कोणी येईना. ती आपण होऊन आली. मी म्हणालो, "तू राहू दे." ती म्हणाली, "रोज तर देशील ना?" आणि घमेलं उचललं.

काथ्या गुंडाळलेला तो पाईप आम्ही विंचने ओढून काढला. मग फुगणारी चिकणमाती आणि सिमेंट कालवून नळीने तळापासून भरत वर आलो. ती घमेली भरभरून आणत होती. जे पाणी कोणाच्या मालकीचं नाही म्हणून तिने मागून घेतलं होतं, ते तिच्याच हातच्या मातीने मी बुजवत होतो. भोक तोंडापर्यंत भरलं तेव्हा तिने विचारलं, "आता विहीर गोड व्हल?"

"होईल. एका पावसात होईल."

"मंग मला लावनीला बोलवतील?"

मी हो म्हणालो. म्हणायलाच पाहिजे होतं असं तेव्हा वाटलं. तसाच हात न धुता उंचवटा चढून मी त्या वयस्कर गृहस्थांच्या ओटीवर गेलो. साहेब, नोकरी, सही, सगळं त्या क्षणी झक मारत गेलं होतं. म्हणालो, "विहीर मी नासवली. भोक मी उघडं ठेवलं. खाडी त्यातून वर आली. त्या बाईचा काही संबंध नाही. आज बुजवलंय, पाऊस पडला की पाणी सुधारेल." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सायब, तुमचं मन मोठं हाय. गरिबासाठी आपल्यावर घेताव. पन देवाच्या कामात तुमी नका पडू."

मी पुन्हा सांगितलं. भरती-ओहोटी सांगितली, चिरा सांगितल्या, जमिनीवर काडीने थर काढून दाखवले. जितकं सांगावं तितके ते हळवे होत गेले. महिन्यापूर्वी देवळापुढे मी हेच बोललो असतो तर लोकांनी मला मारलं असतं, पण खरं मानलं असतं. आता बैल गेला होता आणि मी झोपा करत होतो. त्यांनी मला कैऱ्या बांधून दिल्या.

मृगाला ती माणसं गेली. लावणीला गावाने त्यांना बोलावलं नाही. हे मला नंतर कळलं, कारण पावसाआधीच कंपनीने मला दुसरीकडे धाडलं होतं. सहीची गोष्ट कधीच बाहेर आली नाही. ज्या नोकरीसाठी मी गप्प बसलो, ती माझी तशीच राहिली. बढतीही मिळाली.

दिवाळीनंतर मी गावात गेलो. टाकीचा खड्डा सुरू झाला होता, ट्रक चिखल वाहत होते. मी आधी झोपडीच्या जागेकडे गेलो. चार मेढींची भोकं तेवढी दिसत होती. विहिरीवर बाया पाणी भरत होत्या, हसत-बोलत. वयस्कर गृहस्थांनी मला लांबूनच ओळखलं, हाताला धरून विहिरीवर नेलं. स्वतः पोहरा सोडला, तांब्या भरला.

"घ्या. बगा कसं पानी हाय. मी बोललो नव्हतो? ती गेली आन् पयल्या पावसात आसरांनी गोड करून दिलं."

मी म्हणालो, "बाबा, भोक बुजवलं म्हणून गोड झालं. मी तुम्हाला सांगितलं होतं, एका पावसात होईल." माझा आवाज चढला होता. बाया बघायला लागल्या.

"तुमी सांगितलंत, खरं हाय," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "पन ती हती तवर झालं काय?"

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती, आणि ती गाठ मीच घालून दिली होती. माझी दुरुस्ती अचूक झाली होती. ती फसली असती, विहीर मचूळच राहिली असती, तर कदाचित कोणाला तरी शंका आली असती की दोष तिचा नव्हता. मी विचारलं, ती कुठे आहे?

"डोंगराकडं असल. नवऱ्यानं भट्टीवर उचल मागितली हती, पन ह्या साली मुकादमानं नाय घेतलं त्यांना." मग ते माझ्याकडे वळून, मला पटेल अशा बेताने म्हणाले, "त्याचं तरी काय चुकलं? तितंबी विहीर हाय."

तांब्या माझ्या हातात होता. सगळे बघत होते. पाणी खरंच गोड होतं, आणि मी ते सगळं प्यायलो.